मदत हवी आहे : इन्सिडंट रिपोर्टचं विश्लेषण, सोमवारी द्यायचंय

सांखळकरीण
कामाच्या ठिकाणी लिहिला जाणारा एक लेखनप्रकार घेऊन त्याचे संकेत शोधायचे, असा चार पानी स्वाध्याय आहे. मी इन्सिडंट रिपोर्ट घेतला, कारण आमच्याकडे तेच लिहीत असतात. मसुदा परत आला. वर शेरा : "हा सारांश झाला, विश्लेषण कुठे आहे?" रिपोर्टात जे आहे तेच लिहिणार ना? आणखी काय लिहायचं असतं? कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर द्या. गूगल करून झालंय, ते सांगू नका.

कळंगुट_नाइटमॅनेजर
हॉटेलात आहेस ना? मग सोपं आहे. ड्यूटी मॅनेजरच्या लॉगबुकात क्रम ठरलेला असतो. वेळ, खोली नंबर, पाहुण्याची तक्रार त्याच्याच शब्दांत, आपण काय केलं, कोणाला कळवलं. स्वतःचं मत लिहायचं नाही. "पाहुणा प्यायलेला होता" असं कधीच नाही, "तोल जात होता, बोलणं अडखळत होतं" असं. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर तेच पान मागतात. आणि पाहुणा परदेशी असेल तर त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (आपला जुना सी फॉर्म) २४ तासांत गेला का ते आधी बघ.

डिचोलीचा_भाटकार
सी फॉर्म कुठून आला मध्येच? इन्सिडंट म्हणजे अपघात. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कळवावंच लागायचं. आमच्या वेळी पणजीत आल्तिनोवर फॅक्टरीज अँड बॉयलर्सच्या कार्यालयात खेपा घातल्या आहेत. कोणाला लागलंय का, बाय? लागलं असेल तर स्वाध्याय राहू दे, आधी ते बघ.

सांखळकरीण
कोणाला काही लागलेलं नाही हो काका. हॉटेलही नाही. औषधांचा कारखाना. टॅब्लेट कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करताना, गोळीचं वजन लिमिटबाहेर गेलं की निघतो तो रिपोर्ट. वाटलं होतं इन्सिडंट म्हटल्यावर कळेल.

फोंड्याचा_क्यूए
म्हणजे डेव्हिएशन, ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचा रिपोर्ट! आधी सांगितलं असतं तर काकांचा जीव भांड्यात पडला असता. वेर्ण्यापासून कुंडईपर्यंत आमच्यासारखे कितीतरी हेच लिहून घर चालवतात.

तुझा रिपोर्ट काढ आणि त्यात काय *नाही* ते बघ. माणसांची नावं नाहीत, हुद्दा किंवा एम्प्लॉयी कोड आहे. "मला वाटतं" नाही. "मशीन बिघडलं" नाही, "१४.१० ते १४.२५ दरम्यान सरासरी वजन मर्यादेबाहेर नोंदले गेले" असं आहे. मग ठरलेले टप्पे. काय घडलं, तात्काळ काय केलं, मायनर-मेजर-क्रिटिकल, उत्पादनावर परिणाम, मूळ कारण, कापा (चूक सुधारायचे आणि ती पुन्हा होऊ नये म्हणूनचे उपाय), क्लोजर. खाडाखोड झाली तर एकच रेघ, सही, तारीख, कारण. व्हाइटनर लावला की संपलं. यातल्या प्रत्येकाला "का?" विचार. तिथून विश्लेषण सुरू होतं.

म्हापशेकर९
एवढं कशाला? एआयला पीडीएफ द्या, दोन मिनिटांत विश्लेषण करून देतो.

फोंड्याचा_क्यूए
बॅच नंबर असलेला कंपनीचा कागद बाहेरच्या सर्व्हरवर चढवायचा? मग पुढचा डेव्हिएशन तुझ्याच नावाने निघेल. नाव नाही, कोडने.

पर्वरीचे_मास्तर
टप्प्यांची यादी हेसुद्धा अजून वर्णनच आहे. कॅरोलिन मिलर यांनी १९८४ च्या लेखात मांडलं होतं की लेखनप्रकार त्याच्या साच्यावरून ओळखू नये, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगात तो कोणतं काम करतो त्यावरून ओळखावा. करून बघ : डावीकडे रिपोर्टचं एकेक वाक्य, उजवीकडे ते वाक्य काय *करतं* ते एका क्रियापदात. कळवतं, मर्यादा घालतं, हात झटकतं, हमी देतं. "तात्काळ मशीन थांबवले" हे वरवर माहिती देतं, खरं म्हणजे बचाव करतं. उजवा रकाना भरला की सारांश होऊच शकत नाही. पेपर कुठला आहे? मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

सांखळकरीण
मराठीत. एम.ए. बाहेरून करते, व्यावहारिक मराठीचा पेपर. नोकरी क्यूएत, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात आहे.

डिचोलीचा_भाटकार
मराठीचा पेपर आणि रिपोर्ट इंग्रजीत! राजभाषा कायदा १९८७ चा, कोकणी-मराठीवरून इतकी डोकी फुटली, आणि कारखान्यात तिसरीच भाषा. यावर लिही की.

पर्वरीचे_मास्तर
भाटकारबाब, तो वाद या धाग्यावर नको. जेवणं व्हायची आहेत.

शॉपफ्लोअर_वेर्णे
सगळे शहाणे बोलून झाले असतील तर खालून एक सांगतो. खरा संकेत एकच. मूळ कारण : मानवी चूक. कापा : ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग. क्लोज. कारण ३० दिवसांत बंद करायचा असतो आणि वरून मेल येत असतात. बाकी सगळी सजावट.

फोंड्याचा_क्यूए
हे चालत नाही आता. युरोपियन जीएमपीच्या, म्हणजे औषध उत्पादनाच्या नियमांच्या, पहिल्या प्रकरणात स्पष्ट आहे, मानवी चूक म्हणायची असेल तर समर्थन द्या, आणि प्रक्रियेतला, कार्यपद्धतीतला किंवा व्यवस्थेतला दोष नजरेतून सुटला नाही ना ते बघा. इन्स्पेक्टर तोच रिपोर्ट आधी उचलतो.

शॉपफ्लोअर_वेर्णे
नियम मलाही पाठ आहेत. आता "एसओपीमध्ये स्पष्टता नव्हती" लिहितात, एसओपीची, म्हणजे लेखी कार्यपद्धतीची, आवृत्ती बदलतात आणि ट्रेनिंग परत त्याच ऑपरेटरला देतात. शब्द बदलला, माणूस तोच.

फोंड्याचा_क्यूए
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे हॉपरमधली पावडरची पातळी कमी-जास्त होत होती, ते निघालं तपासात. ऑपरेटर कुठेच नव्हता.

कळंगुट_नाइटमॅनेजर
आमच्याकडेही शेवटी बेलबॉयच सापडतो. सीझनमध्ये तर विचारू नका.

पर्वरीचे_मास्तर
भांडा, भांडा. विश्लेषणाचा मसाला हाच आहे. नियम एक सांगतो, घाई दुसरं लिहायला लावते, आणि दोन्हींच्या ओढाताणीत ठरावीक वाक्यं तयार होतात. सांखळकरीण, हे लिहून ठेव.

सांखळकरीण
लिहिते. पण सर निदान तीन नमुने मागतात आणि आमचे रिपोर्ट गेटबाहेर नेता येत नाहीत. मग?

म्हापशेकर९
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

फोंड्याचा_क्यूए
अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषध नियामकाच्या, संकेतस्थळावर फॉर्म ४८३ (तपासणीत दिसलेल्या दोषांची यादी) आणि वॉर्निंग लेटर मिळतात, गोपनीय मजकूर झाकलेला असतो. ४८३ तपासणीच्या शेवटी व्यवस्थापनाच्या हातात देतात, उत्तराला १५ कामाचे दिवस. तो डेव्हिएशन नव्हे, डेव्हिएशन वाचणाऱ्याने लिहिलेला कागद आहे. पण संकेत लख्ख दिसतात : आधी एका वाक्यात सर्वसाधारण दोष, मग "स्पेसिफिकली" म्हणून तारखा, खोल्या, बॅचेस.

आणि आपल्या रिपोर्टात "इतर बॅचेसवर परिणाम" हा परिच्छेद का असतोच, ते तिथे कळेल. अमेरिकी नियमावलीच्या २११.१९२ मध्ये आहे की उलगडा न झालेल्या तफावतीचा तपास व्हायलाच हवा, बॅच बाजारात गेलेली असो वा नसो, आणि तो संबंधित इतर बॅचेसपर्यंत न्यायला हवा. इन्स्पेक्टर दोन वर्षांनी येतो, तेव्हा मशीन बदललेलं, ऑपरेटर सोडून गेलेला. त्याच्यासमोर फक्त कागद. म्हणून मिनिटांपर्यंत वेळ, म्हणून जोडपत्रं, म्हणून कोऱ्या रकान्यावर आडवी रेघ आणि सही.

पर्वरीचे_मास्तर
हे तुझं पहिलं पान. नमुने ४८३ चे घेतलेस तर शीर्षक बदल, नाहीतर सर पुन्हा लाल पेन काढतील. "तपासणारा काय शोधतो आणि लिहिणारा काय पुरवतो" अशी जोडी केलीस तर दोन्ही बसेल. तुमच्या कोऱ्या फॉरमॅटचे मथळे वापरायला परवानगी माग, भरलेला रिपोर्ट नको.

सांखळकरीण
विचारलं. मॅडम म्हणाल्या फक्त मथळे, कंपनीचं नाव नको. दोन ४८३ उतरवून घेतले, तिसरा शोधते. अजून एक : सह्यांचा क्रम विश्लेषणात येतो का? की तो नुसता फॉर्मचा भाग?

पर्वरीचे_मास्तर
नक्की येतो. कोण कोणासाठी लिहितं ते सह्या सांगतात.

शॉपफ्लोअर_वेर्णे
ऑपरेटरची सही शोध त्यात. बीएमआरवर (बॅच बनवतानाच्या नोंदींवर) असते, ट्रेनिंग रेकॉर्डवर असते.

सांखळकरीण
बघितलं आत्ता. सुरू करणारा, विभागप्रमुख, क्यूए रिव्ह्यूअर, क्यूए हेड. ऑपरेटरला रकाना नाही. तिसरं पान यावर करते.

डिचोलीचा_भाटकार
आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरची सही कुठे असते?

फोंड्याचा_क्यूए
काका, लागलेलं नाही कोणाला.