दशावतारासाठी छोटा, स्वस्तातला प्राइम (झूम नसलेली लेन्स): २८ की ४० एमएम? (निकॉन झेड ५)

पडवीतला
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे निकॉन झेड ५ आहे आणि सोबत आलेली २४-५० ची किट लेन्स. दिवसा किनाऱ्यावर, रापण ओढतात तेव्हा वगैरे ती मस्त चालते, काही तक्रार नाही. पण इकडे वेंगुर्ल्यात दिवाळी आटपली की जत्रा सुरू होतात आणि मला खरे फोटो काढायचे असतात ते रात्रीच्या दशावताराचे. तिथे ही लेन्स ५० वर नेली की एफ/६.३ होते (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २५६०० च्या वर पळतो आणि चेहऱ्यावरच्या रंगाचा नुसता चिखल होतो. दुसरा उपयोग घरात, आमचं माजघर दिवसासुद्धा अंधारं असतं. बजेट ३० हजार, आणि वजन कमी हवं कारण बाइकवरून गावोगाव जायचं असतं. २८ एफ/२.८ घेऊ की ४० एफ/२? शिवाय ओळखीतले एकजण जुनी ५० एफ/१.८डी अगदी स्वस्तात देतायत, ती अडॅप्टर लावून चालेल का?

खाडीकाठ
आधी त्या १.८डी चं मिटवून टाका. तिच्यात फोकसची मोटरच नाही, जुन्या डीएसएलआर बॉडीतली मोटर स्क्रूने ती फिरवायची. एफटीझेड अडॅप्टरमध्ये (जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा) तो स्क्रू नाही, म्हणजे ऑटोफोकस बंद. रात्री रंगमंचावर युद्ध चालू असताना हाताने फोकस करणार का? १.८जी असती तर गोष्ट वेगळी, तिला स्वतःची मोटर आहे. पण ती १८५ ग्रॅम, वर अडॅप्टरचं वजन आणि अडॅप्टरचा खर्च, मग छोटी आणि स्वस्त कुठे राहिली.

मिरगाचो पाऊस
माका विचारशात तर २८ घेवा. माजघरात, ओटीवर मागे सरायला जागाच नसते, पाठ भिंतीला टेकते. गणपतीत माटवी (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट) आणि खाली बसलेली माणसं एकत्र घ्यायची तर ४० मध्ये मावत नाहीत. २८ फक्त १५५ ग्रॅम आहे आणि १९ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होते, पूजेच्या ताटाचे फोटो छान येतात.

सड्यावरून
मिरगाचो पाऊस, घरापुरतं तुमचं बरोबर आहे. पण पडवीतल्यांकडे २४-५० आहे हे लक्षात घ्या, म्हणजे २८ त्यांच्याकडे आहेच, आणि त्या टोकाला किट लेन्स एफ/४-४.५ च्या आसपास असते. तिथे २.८ घेऊन जेमतेम एक-सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) मिळणार. घरातली माणसं एका जागी बसलेली असतात, झेड ५ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, शटर १/३० ला आणलं तरी काम होतं. याउलट ४० ला किट लेन्स ५.६ च्या आसपास गेलेली असते, तिथे एफ/२ म्हणजे तीन स्टॉप, आठपट उजेड. हाच फरक पैसे देऊन घेण्यासारखा आहे.

आकड्यात सांगतो. समजा देवळासमोर एफ/२, १/१०० आणि आयएसओ ३२०० वर फोटो नीट उजळ येतोय. तोच उजेड एफ/२.८ वर ६४०० मागेल आणि तुमच्या किटच्या ५० एमएमला, एफ/६.३ वर, ३२००० च्या आसपास. आणि हलणाऱ्या माणसापुढे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, ते तुमचा हात सांभाळतं, दशावतारातल्या संकासुराची उडी नाही.

आता अंतर. दशावतारात फार पसारा नसतो, एक बाकडं, बाजूला पेटी-मृदंगवाले, आणि लोक अगदी पुढ्यात बसलेले. पुढच्या रांगेत जागा मिळाली तर नट तीनेक मीटरवर असतो. तीन मीटरवरून ४० एमएमच्या आडव्या फ्रेममध्ये साधारण २.७ मीटर रुंदी येते, म्हणजे दोन पात्रं समोरासमोर बरोबर बसतात, आणि कॅमेरा उभा धरला तर मुकुटासकट पूर्ण माणूस येऊन वर-खाली जागा उरते. २८ मध्ये तिथूनच पावणेचार मीटरच्या वर रुंदी येते, मग स्पीकरचा खांब आणि शेजारच्याचा वर केलेला मोबाईल फुकटात. जवळ हवं असेल तर ४० वर डीएक्स क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) मारा, ६० सारखी फ्रेम मिळते आणि दहा मेगापिक्सल उरतात, छापायलासुद्धा पुरतात.

४० ची लेन्स १७० ग्रॅम आहे, फिल्टर ५२ चा, तुमच्या किट लेन्सचाच लागेल. माउंट प्लॅस्टिकचं आहे, पण एवढ्या हलक्या लेन्सला त्याने काही अडत नाही. एफ/२ वर अगदी जवळून थोडी मऊ येते, २.८ ला कडक होते. तीन मीटरवर मी बिनधास्त एफ/२ च ठेवतो. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, ३० च्या आत बसायला हवी.

पडवीतला
किट लेन्सच्या आकड्यांचा हिशेब मी केलाच नव्हता, त्याने एकदम उलगडा झाला. ४० नक्की. अजून एक, मंचावर आता सगळीकडे एलईडी लावतात आणि माझ्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात. लेन्स बदलून ते जातील का?

सड्यावरून
नाही, लेन्सचा संबंध नाही. सायलेंट मोड चालू असेल तर आधी तो बंद करा, मेकॅनिकल शटर वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण चक्र येतं आणि बहुतेक पट्टे जातात. आणि संकासुर आला की एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, त्याच्या काळ्या वेषाने कॅमेरा फसतो आणि मागच्या उजळ पडद्याची नक्षी पांढरी होऊन जाते.

खाडीकाठ
एक भर घालतो. किनाऱ्यावरून आलात की लेन्सची बाहेरची बाजू किंचित ओल्या कापडाने पुसून मग सुकी करा, खारा वारा रिंगांच्या फटीत बसतो. आणि पावसाळ्यात ती बाइकच्या बॅगेत तशीच चार महिने ठेवू नका, बुरशी येते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे-तीनशेचा आर्द्रता मीटर, काटा ४०-५० टक्क्यांत राहिला की झालं. साठच्या वर गेला की जेल गरम करून परत वापरा.

मिरगाचो पाऊस
मी अजून २८ वालाच, पण दशावतारासाठी ४० पटली. जत्रेचे फोटो इथेच टाका, एफ/२ चे आणि २.८ चे शेजारी शेजारी, माका बघूचे आसत.