घाई टळली ते बरंच झालं
खर्च वाचावा म्हणून ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांची, म्हणजे ब्रिटनच्या रेल्वे पोलिसांची, स्कॉटलंडमधली तुकडी ‘पोलीस स्कॉटलंड’ या तिथल्या नेहमीच्या पोलीस दलात विलीन व्हायलाच हवी होती, असं काहीजण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. जून २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने विलीनीकरणाचं विधेयक मंजूर केलं, १ एप्रिल २०१९ ही तारीखही ठरली; पण पेन्शन आणि संगणक यंत्रणेपाशी घोडं अडलं नि २०१८ मध्ये बेत बाजूला पडला. बरंच झालं!

रुळांवर मृत्यू झाला आणि त्यात संशयास्पद काही नसेल, तर साधारण ९० मिनिटांत मार्ग मोकळा करायचा, हे या रेल्वे पोलिसांचं उद्दिष्ट. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार, मागे खोळंबलेल्या गाड्या. हे काम रोजच्या सरावानेच जमतं. शिवाय ग्लासगो-लंडन गाडी ग्रेटना गावाजवळ इंग्लंड-स्कॉटलंडची सरहद्द ओलांडते. एकाच गाडीतल्या चोरीचा तपास दोन दलांत कशाला वाटायचा?