वर्षाला सगळं धरून एक लाख: मुलीसाठी इंजिनिअरिंगची कुठली कॉलेजं बघू?

भांडुपची_आई

नमस्कार. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटर किंवा आयटी हवंय, इलेक्ट्रॉनिक्सलाही तयार आहे. माझं पोळीभाजी केंद्र आहे, मिस्टर विक्रोळीला खासगी नोकरीत. दोघांचं मिळून वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास. आम्ही ओबीसी, नॉन क्रीमी लेअर काढून ठेवलंय, जात वैधताही झाली आहे. धाकटा दहावीला आहे, त्यामुळे सगळं हिच्यावर लावता येणार नाही. फी, पास, खाणं, पुस्तकं मिळून वर्षाला एक लाख, एवढंच जमेल.

कॉलेजांच्या वेबसाइटवर कुठे एक लाख चाळीस हजार, कुठे पावणेदोन लाख फी दिसते. मग मुलींना फी माफ म्हणतात ते नक्की कशात? आमच्या चाळीतल्या एका मुलीकडून तरीही जवळपास तीस हजार घेतले. एक क्लासवाले म्हणतात, मॅनेजमेंटमधून घ्या, हवी ती ब्रँच मिळवून देतो. रोज भांडुपवरून जाऊन-येऊन अभ्यास होईल असं कॉलेज हवं. कुणी नीट समजावून सांगेल का?

फी_खिडकी

ताई, मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फी विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. खिडकीच्या आतून जे बघितलं ते सांगतो.

वेबसाइटवरचा आकडा बघून कॉलेज यादीतून काढू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. उत्पन्नात तुम्ही बसता, प्रवेश तेवढा कॅपमधून घ्या. पण 'फी' म्हणून जो आकडा छापतात त्यात विकास शुल्कही असतं, आणि ते माफ होत नाही. त्यावर अनामत रक्कम, विद्यापीठाची किरकोळ शुल्कं, कुठे जिमखाना, कुठे विमा. चाळीतल्या मुलीचे तीस हजार बहुतेक यातलेच. प्रवेशाला जाल तेव्हा शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, बाकी काय, असा तपशील लेखी मागा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार असते. आधी ती बघून जा, म्हणजे खिडकीवर गोंधळ होणार नाही.

मॅनेजमेंट कोट्याचं नावच काढू नका. त्या जागेवर ही सवलत लागत नाही, चारही वर्षं पूर्ण फी तुम्हीच भरायची. क्लासवाले हे सांगत नाहीत याचा मला फार राग येतो.

दुसरी गोष्ट जुन्या नावाजलेल्या कॉलेजांची. मुंबईतली काही आता खासगी किंवा अभिमत विद्यापीठं झाली आहेत. इमारत तीच, नाव जवळपास तेच, पण ही माफी तिथे चालत नाही. फॉर्म भरण्याआधी कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे का, एवढं एकदा तपासा.

कळव्याहून

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हीही ओबीसी. आमचा हिशेब देते. कॉलेजला भरलेले सत्तावीस हजार, त्यात काही अनामत. रेल्वेचा तीन महिन्यांचा पास विद्यार्थी सवलतीत निघतो, त्याचा बोजा वाटत नाही. शेअर रिक्षा मात्र खाते, स्टेशन ते कॉलेज रोजचे चाळीस. डबा घरचा, तरी कँटीन आणि झेरॉक्स मिळून महिन्याला दोन हजार जातात. जर्नल, ड्रॉइंगचं सामान, सेमिस्टरची पुस्तकं सात-आठ हजार. पहिल्या वर्षी लॅपटॉपचे पंचेचाळीस हजार धरून लाखाच्या थोडं वर गेलं, यंदा साठच्या आत आहे. लॅपटॉप कॉलेज सुरू झाल्यावर घ्या. आधी लॅबमध्ये भागतं.

भांडुपवरून ऐरोली बघा. मुलुंडहून बस आहे, नाहीतर ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची लोकल. सकाळी ठाण्याकडे जाणारी गाडी तुलनेने मोकळी असते, मुलगी बसून वाचू शकते. घोडबंदर रोडची कॉलेजं नकाशावर जवळ वाटतात, पण त्या ट्रॅफिकमध्ये अभ्यासाची संध्याकाळ निघून जाते. वडाळा-चेंबूरला कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल, तेही जमतं. वसई-कांदिवलीकडची यादीत घेऊ नका.

ओपन_घाटकोपर

मध्येच विचारतो. मुलगा आहे, ओपन, उत्पन्न सात लाख. आमच्यासाठी काहीच नाही का?

फी_खिडकी

आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्काचं निम्मं सरकार भरतं. इथेही कॅपचाच प्रवेश लागतो. दुसरं म्हणजे टीएफडब्ल्यूएस, ट्यूशन फी माफीची योजना. प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जादा जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क शून्य, उत्पन्नाची मर्यादा तीच. पण त्या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो. तो ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो तो) वेगळा टाकला नाही तर मुलाचा विचारच होत नाही. मार्क होते, कागद होते, फक्त कोड टाकला नव्हता, अशी मुलं खिडकीशी आली की फार हळहळ वाटायची. त्या जागांचा कटऑफ साध्या जागांपेक्षा बहुधा वर जातो, तरी यादीत टाकायला पैसे पडत नाहीत.

ताई, तुमच्यासाठी अजून एक. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि खातं मुलीच्याच आधारला जोडलेलं हवं. पहिल्या वर्षी सगळे धावपळ करून भरतात, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरतात, मग कॉलेज पूर्ण फी मागतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. नॉन क्रीमी लेअर आहे म्हणून त्यावर भागणार नाही, माफीसाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो.

गणिताची_बाई

मी कॉलेजमध्ये संख्याशास्त्र शिकवते, म्हणून दुसरी वाट सांगते. मुलीला कॉम्प्युटरची आवड आहे की इंजिनिअर हा शिक्काच हवा आहे, हे तिलाच विचारा. रुईया, रुपारेल, कीर्ती, साठ्ये, मुलुंडचं वझे, इथे अनुदानित बीएस्सी आहे आणि त्याची वर्षाची फी काही हजारांत असते. त्याच कॉलेजात, त्याच आवारात बीएस्सी आयटीसारखा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेला कोर्स कितीतरी महाग असतो. पालक हा फरक विचारत नाहीत, 'त्या कॉलेजची फी किती' एवढंच विचारतात. विचारायचं असतं ते कोर्स अनुदानित आहे का.

गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन तीन वर्षं मन लावून केलं तर पुढे सीईटी देऊन एमसीए करता येतं, जॅम या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. माझ्या वर्गातून मुली गेल्या आहेत. भांडुपहून मुलुंड दोन स्टेशनं. प्रवासात वाचलेला वेळ या विषयांत फार उपयोगी पडतो.

भांडुपची_आई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. बीएस्सीचं ऐकून ती विचारात पडली, वझेचा फॉर्म तरी भरून ठेवू म्हणाली. इंजिनिअरिंगसाठी ऐरोली, नेरूळ, वडाळा अशी यादी काढतोय. माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि अंधेरीचं एसपीसीई (सरदार पटेल) टाकावीत का? आणि क्रम कसा लावायचा? मिळण्याची शक्यता जास्त ते वर घ्यायचं का?

फी_खिडकी

नाही ताई, जे मनापासून हवं तेच वर. खाली शक्यता जास्त असलेली ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून 'मिळेल म्हणून' वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर ९९ पर्सेंटाइलच्या वरचा मामला आहे. एसपीसीईच्या बाकी ब्रँचचे गेल्या वर्षीचे ओबीसी कटऑफ सीईटी सेलच्या (सरकारच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) वेबसाइटवर बघा, जवळ असेल आणि तिला ती ब्रँच चालत असेल तरच टाका. यादी तयार झाली की कॉलेज आणि ब्रँचची नावं इथे लिहा. प्रत्येकाचं विकास शुल्क कुठे बघायचं ते मी सांगतो.