मदत हवी आहे: चार कॅमेऱ्यांवर कबड्डी, आणि बाबांना निकाल आधी कळतो

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

नायगावात आमच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. मैदान चाळीच्या मागेच. गेल्या वर्षी पहिल्यांदा सामने यूट्यूबवर थेट दाखवले आणि 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी बँकेत आहे. कॅमेऱ्याशी माझा संबंध भाचीच्या बारशापुरता.

सामान असं: लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचे दोन मिररलेस कॅमेरे, एक जुना हँडीकॅम, एक मोबाइल आणि भाड्याने आणलेला एटेम मिनी प्रो (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते बटणाने निवडायचा स्विचर). चारही त्याला जोडले आणि बटणं दाबत गेले.

कट मारला की बघणारे गोंधळायचे. डावीकडून उजवीकडे चढाईला गेलेला आमचा पोरगा दुसऱ्या कॅमेऱ्यात उजवीकडून डावीकडे! खाली कॉमेंट आली, 'ताई, हा न शिवताच परत का आला?' हा दुसरा कॅमेरा समोर व्यासपीठाशी होता, कारण प्रमुख पाहुणे दिसलेच पाहिजेत असा कार्यकारिणीचा हट्ट. शिवाय मॅट एकात निळी, एकात जांभळी, मोबाइलमध्ये चक्क राखाडी. मोबाइलच्या चित्रात काळपट पट्टेही सरकत होते.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. बाबा स्वतः जुने कोपरारक्षक. गुडघे गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून उतरत नाहीत. आमच्या खिडकीतून मैदान दिसत नाही, मध्ये मंडप येतो. आवाज मात्र सगळा येतो. शिट्टी वाजली, पब्लिक ओरडलं, तरी बाबांच्या टीव्हीवर रेडर अजून मध्यरेषेवर मांडी थोपटतोय. जवळजवळ अर्ध्या मिनिटाचा फरक. अख्खी चढाईच तीस सेकंदांची असते! 'निकाल आधी आणि खटला नंतर,' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही लावलाच नाही.

यातलं काय सुधारता येईल? बजेट बेताचं आहे.

जुना_फोकस

ताई, मी वरळीला दूरदर्शनमध्ये कॅमेऱ्यामागे होतो. केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागलो. स्टुडिओत पहिल्याच आठवड्यात जे शिकवलं तेच सांगतो. दोन माणसं बोलत बसली आहेत, तर त्यांच्यामधून एक रेघ आहे असं समजायचं. सगळे कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला, अर्धवर्तुळात. मग कसाही कट मारा, डावीकडचा पाहुणा डावीकडेच राहतो. एक कॅमेरा पलीकडे गेला की दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघून बोलताहेत असं वाटतं.

कबड्डीत ही रेघ अंगणाच्या लांबीतून जाते, एका अंतिम रेषेपासून दुसरीपर्यंत, १३ मीटर. मुख्य कॅमेरा लांब बाजूला, मध्यरेषेच्या सरळ रेषेत आणि उंचावर ठेवा. मचाण नसेल तर टेम्पोच्या टपावर. दुसरा त्याच बाजूला, चेहऱ्यांसाठी. तिसरा अंतिम रेषेमागे, जमिनीलगत. तो रेघेवरच असल्यामुळे कोणालाही गोंधळात पाडत नाही, आणि तिथून पकड काय सुंदर दिसते! व्यासपीठाकडचा कॅमेरा पाहुण्यांपुरता. टाइमआउटला त्यांच्यावर एकदा जा, हार-तुरे दाखवा आणि परत या. खेळ चालू असताना त्याला हात लावायचा नाही.

कोणी म्हणेल, क्रिकेटमध्ये तर दोन्ही टोकांना कॅमेरे असतात. असतात, पण पूर्वी नसत. कॅमेरा एकाच टोकाला, त्यामुळे एक षटक सोडून एक षटक फलंदाजाची पाठ बघायची. १९७७ला ऑस्ट्रेलियात पॅकरच्या सामन्यांपासून दोन्ही टोकांना कॅमेरे आले. तिथे बाजू बदलते ती षटक संपल्यावर. चेंडू हवेत असताना कोणी पलीकडच्या टोकाला जात नाही.

अजून एक. तुम्ही बटण दाबता हे कॅमेऱ्यावरच्या पोराला कसं कळतं? आमच्याकडे कॅमेऱ्यावर लाल दिवा लागायचा, शिवाय कानात आवाज यायचा, 'दोन तयार... दोन.' दिवा नसेल तर निदान आवाज तरी ठेवा. नाहीतर तुम्ही त्याचं चित्र घेता आणि नेमका तो फोकस शोधत असतो.

तिसरा_मजला

काका, अगदी हेच झालं होतं! एकदा तर पोरगा वडापाव खात होता. या वेळी वॉकीटॉकी घेते.

पट्टीचा_रेफरी

चढाई चालू असताना कट मारूच नका. रेडर मध्यरेषा ओलांडून परत येईपर्यंत मोठा शॉट. सात जण काय साखळी करताहेत ते त्यातच दिसतं. क्लोजअपला शिट्टीनंतर वेळ मिळतोच.

आणि रिप्लेच्या नादी लागू नका. 'निदान रेषा' (रेडरने चढाईत ओलांडायची ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस गुणाची रेषा तिच्यापुढे १ मीटर. मध्यरेषेच्या सरळ रेषेत ठेवलेल्या कॅमेऱ्याला दोन्ही रेषा तिरक्या दिसतात. पाय पलीकडे पडला का, मागचा पाय तेव्हा हवेत होता का, हे त्या कोनातून खात्रीने सांगता येत नाही. तुम्ही मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि गर्दी आमच्या अंगावर येणार. अनुभवाचे बोल आहेत.

लॅमिंग्टन_रोड

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानातले बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर असणार आणि शटर स्वतःच ठरवत असणार. सगळे कॅमेरे ५० फ्रेमवर आणा, शटर १/१०० सेकंद करा. अंधार वाटला तर १/५०, पण मग वेगात हात-पाय पुसट होतात. मोबाइलला हे हाताने ठरवू देणारं ॲप टाका.

रंगासाठी: ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, ऑटो एक्स्पोजरही बंद. रात्री मैदानातले दिवे पूर्ण तापले की मॅटच्या मधोमध पांढरा कागद धरा आणि चारही कॅमेऱ्यांत त्यावरून बॅलन्स ठरवून कुलूप लावा. संध्याकाळच्या उन्हात केलेलं रात्री चालत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे शंभर टक्के जुळणार नाहीत, पण जांभळं-राखाडी थांबेल.

मोठ्या स्टुडिओत सगळे कॅमेरे एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालवतात, त्याला जेनलॉक म्हणतात. तुमचा स्विचर आत आलेलं प्रत्येक चित्र स्वतःच जुळवून घेतो, तेव्हा ती काळजी नको. फक्त माइक थेट स्विचरला लावलात तर आवाज चित्राच्या किंचित पुढे धावतो. सेटिंगमध्ये आवाजाला काही फ्रेमचा उशीर द्या.

बाबांचं मात्र अवघड आहे. यूट्यूबवर 'अल्ट्रा लो लेटन्सी' निवडा, थोड्या सेकंदांवर येईल. शून्य कधीच होणार नाही, आणि खिडकी तर उघडीच.

केबलवाला_दादा

ताई, मैदान चाळीमागेच आहे ना? मग बाबांना यूट्यूब कशाला? वायर टाका की.

स्विचरच्या एचडीएमआय आउटला एसडीआय (लांबवर चित्र नेणारा टीव्हीवाल्यांचा सिग्नल) कन्व्हर्टर लावा, तिथून आरजी-६ केबल थेट घरी, टीव्हीपाशी उलटा कन्व्हर्टर. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरनंतर रडते, एसडीआय त्याच्या कितीतरी पुढे जाते. एकच अट, केबल शुद्ध तांब्याच्या तारेची घ्या. आम्ही घरोघरी टाकतो ती बऱ्याचदा आतून लोखंडी आणि वरून तांब्याचा मुलामा. डिशला चालते, याला नाही. टोकाला बीएनसी कनेक्टर लावून घ्या. उशीर इतका कमी, की बाबांना जाणवणारही नाही.

तिसरा_मजला

दादा, हे कोणालाच सुचलं नव्हतं! अंतर पावलांनी मोजलं, साठ मीटरच्या आत आहे. पण एक अडचण. त्या आउटला मी माझा मॉनिटर लावते, चारही कॅमेरे एकत्र दिसतात तो. तेच चित्र बाबांना गेलं तर?

लॅमिंग्टन_रोड

आउट एकच आहे. स्प्लिटर लावलात तरी दोन्हीकडे तेच जाणार. एकतर तुम्ही मल्टिव्ह्यू सोडा, जे करू नका, नाहीतर बाबांनाही मल्टिव्ह्यूच द्या. प्रक्षेपणात जाणारं चित्र त्यात एका मोठ्या चौकटीत असतंच, आणि चारही कॅमेरे खाली छोटे.

जुना_फोकस

तेच द्या. कोपरारक्षकाला चार डोळे मिळाले तर नको म्हणेल का?

तिसरा_मजला

अपडेट. काल रात्री पोरांच्या सरावात सगळं लावून पाहिलं. केबल गच्चीवरून आणून खिडकीच्या गजांतून आत घेतली (आईचा पडदा आता पूर्ण बंद होत नाही, तो विषय वेगळा). मॅट तीन कॅमेऱ्यांत निळी आहे, हँडीकॅममध्ये अजून थोडी हिरवट. मोबाइलचे पट्टे गेले. ओरडा आणि चित्र एकदम!

नवीन अडचण अशी, की सराव सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच बाबांचा फोन: 'तीन नंबरवालं कार्टं डुलक्या घेतंय. आणि तू दोनवर काय बसलीस, उजवा कोपरा कधीचा पुढे सरकलाय, एकवर ये.' अशा एकूण चौदा सूचना. चार्जर लावून बसले होते.

तर प्रश्न: साधा वॉकीटॉकी भिंतींमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो का? एक जास्तीचा घ्यावा लागणार आहे.