मदत हवी आहे: 'कंपोस्टेबल' पिशवी आठ महिन्यांनीही जशीच्या तशी! मग खरंच पर्यावरणपूरक काय, ते ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी कंपोस्टचा डबा उपसायला घेतला. वरचा थर काळाभोर, भुसभुशीत, ओल्या मातीचा वास येणारा. मी खूश. तेवढ्यात खुरपं कशात तरी अडकलं. ओढून काढलं तर आठ महिन्यांपूर्वी टाकलेली 'कंपोस्टेबल' कचरापिशवी! तिच्यावर छापलेलं हिरवं पान अजून टवटवीत. आतल्या कचऱ्याची कधीच माती झाली होती, पिशवीला मात्र दोन-तीन बारीक भोकं पडण्यापलीकडे काही झालं नव्हतं. झटकून वाळवली असती तर पुन्हा वापरता आली असती.

त्या पिशवीने माझा गेल्या दीड वर्षाचा उत्साह एका झटक्यात उतरवला, म्हणून हा धागा.

झालं असं, की घरातल्या रोजच्या वापरातल्या वस्तू एकेक करून पर्यावरणपूरक करायच्या असं ठरवलं. 'एकेक करून' म्हणतेय खरी, पण प्रत्यक्षात मी धडाकाच लावला. प्लॅस्टिकचे चांगले घट्ट झाकणांचे डबे काढून टाकले आणि काचेचे आणले. सगळ्यांचे दात घासायचे ब्रश बांबूचे. कपड्यांना रिठ्याची टरफलं. फरशी, ओटा, बेसिन सगळ्याला व्हिनेगर आणि खायचा सोडा. मधमाशीच्या मेणाची झाकणं (म्हणजे मेण लावलेलं कापड, भांड्यावर झाकायला). आणि कापडी पिशव्या, त्या तर विचारूच नका. काल मोजल्या, सतरा निघाल्या. निम्म्या विकतच्या, निम्म्या कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात गळ्यात पडलेल्या.

आता तक्रारी. बांबूच्या ब्रशांना बुडाशी काळी बुरशी धरते. रिठ्यात धुतलेले टॉवेल चार-पाच धुण्यांत राखाडी पडले आणि त्यांना एक कुबट वास यायला लागला. अहोंनी तोंड पुसून नुसतं माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. मेणाचं एक झाकण मी गरम पाण्याने घासलं, मेण वितळून बेसिनच्या जाळीत जाऊन बसलं (हा गाढवपणा माझाच). व्हिनेगर-सोड्याचा फेस बघायला छान वाटतो, पण ओट्यावरचा चिकटपणा तसाच.

शिवाय सेवा देणारेही आता हिरवे झालेत. घरसफाईवाले '१०० टक्के केमिकल-फ्री' म्हणतात. कपडे ड्रायक्लीनला देते, तिथे 'ऑरगॅनिक ड्रायक्लीनिंग' अशी नवी पाटी लागलीय. नेमकं काय वापरता असं विचारलं तर "मॅडम, सगळं नॅचरल आहे" एवढंच उत्तर.

तर विचारायचंय ते असं. ती पिशवी कुजली का नाही, माझ्या डब्यात काही चुकतंय का? टॉवेल वाचवायचे कसे, की साबणाच्या पावडरीकडे परत जायचं? खोक्यावरच्या कुठल्या शिक्क्यावर भरवसा ठेवायचा आणि कुठला नुसता चित्रकलेचा नमुना समजायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, या सगळ्यातलं खरोखर उपयोगाचं काय आणि मनाची समजूत काय?

कृपया "प्रत्येकाने आपापला खारीचा वाटा उचलावा" छापाचे प्रतिसाद नकोत. खार दमली आहे.

प्रतिसाद १

डब्यात काही चुकत नाहीये, तुमचं कंपोस्ट तर मस्तच झालेलं दिसतंय. घोळ 'कंपोस्टेबल' या शब्दात आहे. अशा पिशव्यांत बऱ्याचदा पीएलए नावाचं, वनस्पतींच्या पिष्टापासून केलेलं प्लॅस्टिक मिसळलेलं असतं. ते मोडायला लागतं ५५-६० अंशांच्या आसपास. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातले ढीग तेवढे तापतात आणि तापलेले राहतात. घरचा डबा आकाराने लहान, त्याची ऊब बाहेर निघून जाते. थोडक्यात, तुमच्या डब्यात ती पिशवी आठ महिने थंडीत झोपली होती.

युरोपचं ईएन १३४३२ हे मानकसुद्धा औद्योगिक कंपोस्टिंगसाठीच आहे. त्यात सहा महिन्यांत ९० टक्के जैविक विघटन व्हावं लागतं, पण ते प्रकल्पातल्या उष्णतेला. घरच्या डब्यासाठी वेगळा शिक्का असतो, 'ओके कंपोस्ट होम'. त्याची चाचणी साध्या हवेच्या तापमानाला होते आणि मुदत बारा महिन्यांची. पिशवीवर 'होम' हा शब्द नसेल तर ती घरात कुजेल ही आशा सोडा. आणि तुमच्या भागात औद्योगिक कंपोस्टिंगची सोय नसेल तर ती पिशवी विकत घेण्यात काहीच हशील नाही. कचराडेपोत दडपली गेली तर तिथेही तिला उष्णता नाही, हवा नाही.

एक वेगळी जात जास्त वाईट: 'ऑक्सो-डिग्रेडेबल'. ते साधंच प्लॅस्टिक, फक्त लवकर तुकडे व्हावेत म्हणून रसायन घातलेलं. तुकडे होतात, नाहीसं होत नाही. युरोपीय संघाने २०२१ च्या जुलैपासून त्यावर बंदी घातली आहे.

सोपा उपाय: डब्यात पिशवी घालूच नका. ओला कचरा थेट टाका आणि बादली विसळा.

प्रतिसाद २

ताई, टॉवेल मेलेले नाहीत. रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याने फेस येतो आणि साधी धूळ-घाम निघतो. पण अंगाचं तेल, मळ यांच्यापुढे ते दुबळं पडतं. कपड्यांच्या पावडरीत एन्झाइम्स असतात, ती तेल आणि प्रथिनांचे डाग तोडतात; रिठ्यात ती नाहीत. म्हणून न निघालेला तेलकटपणा धुण्यागणिक धाग्यात साठत गेला, राखाडीपणा आणि वास त्याचाच. चांगल्या पावडरीत, गरम पाण्यात दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पुढे रिठा हवाच असेल तर हलक्या, न मळलेल्या कपड्यांना वापरा.

धुण्यात पर्यावरणाचा विचार करायचा तर माझ्या मते पावडर कुठली यापेक्षा पाणी किती तापवता हे आधी बघा. गरम पाण्यावर धुणाऱ्या यंत्राची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. रोजचे कपडे थंड किंवा ३० अंशांच्या पाण्यात, यंत्र पूर्ण भरून, पावडर मापात (झाकणभर म्हणजे झाकणभर, वर 'अजून थोडी' नाही), आणि वाळवायला दोरी. यात विकत काहीच घ्यावं लागत नाही, म्हणून याची जाहिरात कोणी करत नाही!

व्हिनेगर-सोड्याबद्दल: एक आम्ल, दुसरा अल्कली. एकत्र केले की एकमेकांना संपवतात. फसफस होते तो कार्बन डायऑक्साइड, खाली उरतं ते बहुतांश पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. म्हणजे तुम्ही ओटा जवळजवळ नुसत्या पाण्याने पुसत होता. वेगवेगळे वापरा. नळावरच्या पांढऱ्या खरवडीला व्हिनेगर, घासायला सोडा. संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको, दगड खातं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनसुद्धा मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. 'नैसर्गिक' वस्तूंनीही दवाखाना गाठता येतो.

प्रतिसाद ३

सतरा पिशव्या वाचून हसू आलं, कारण माझ्याकडे बावीस आहेत.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास शोधून वाचा. साध्या सुती पिशवीने दुकानातल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी निव्वळ हवामानाच्या हिशेबात बरोबरी करायची तर ती ५२ वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर १४९ वेळा. आणि पाण्याचा वापर, ओझोन थराची हानी वगैरे सगळे निकष एकदम लावले तर साधी ७,१०० वेळा, सेंद्रिय २०,००० वेळा! आठवड्यातून दोनदा वापरली तर ७,१०० वेळा व्हायला ६८ वर्षं लागतील. मृत्युपत्रात पिशवीचं नाव घालावं लागेल.

प्रतिसाद ४

थांबा, वरच्या आकड्यांवरून उद्या कोणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं समर्थन करायला लागेल. त्या अभ्यासात रस्त्यावर, गटारात, समुद्रात गेलेल्या पिशव्यांचं नुकसान धरलेलंच नाही. ७,१०० हा मोठा आकडा मुख्यतः ओझोनच्या एका निकषामुळे फुगलाय. त्यातून घ्यायचं ते एवढंच: कापडी पिशवी पर्यावरणपूरक असते ती वापरल्याने, घेतल्याने नव्हे. अठरावी गळ्यात पडायला आली की "नको" म्हणा.

आणि तुमची पहिली चूक अजून कोणी दाखवली नाही, म्हणून मी वाईटपणा घेतो. ते प्लॅस्टिकचे डबे! ते बनवताना जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. त्यात गरम पदार्थ नसते ठेवले, कोरड्या वस्तू ठेवल्या असत्या तर अजून दहा वर्षं चालले असते. दिलेत कुणाला की फेकलेत? फेकले नसतील तर परत काढा.

प्रतिसाद ५

शिक्क्यांबद्दल. पान, थेंब, पृथ्वीभोवती हात ही चित्रं कोणीही छापू शकतो. प्लॅस्टिकच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, त्यालाही लोक 'रिसायकल होतं' असं समजतात. तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने तो आणला आणि तेव्हापासून हा गैरसमज चालू आहे.

भरवसा ठेवायचा तो तिसऱ्या पक्षाने तपासून दिलेल्या शिक्क्यांवर. जर्मनीचा 'ब्लू एंजल' १९७८ पासून आहे, युरोपीय संघाचं 'ईयू इकोलेबल' १९९२ पासून. लाकूड-कागदाला 'एफएससी', सेंद्रिय कापडाला 'गॉट्स'. या सगळ्यांच्या निकषांची यादी उघड असते आणि प्रमाणपत्र क्रमांकावरून तपासता येतं. क्रमांक नसेल तर मी ते चित्रच समजतो. युरोपीय संघाने २०२४ साली एक निर्देश काढलाय, त्यानुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याशिवाय नुसतं 'इको-फ्रेंडली' लिहून माल विकता येणार नाही.

'बांबूचं मऊ कापड' बहुधा व्हिस्कोस असतं: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. बांबू निमित्तमात्र. 'बांबूची' न फुटणारी ताटंही नीट बघून घ्या. त्यातली काही मेलामाइन नावाच्या कडक प्लॅस्टिकमध्ये बांबूचा भुसा घालून केलेली असतात, आणि गरम पदार्थ ठेवला की त्यातून फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायन बाहेर पडू शकतं.

'केमिकल-फ्री' सफाईवाल्यांना विचारा, पाणी वापरता का? पाणी हेही केमिकलच. त्यापेक्षा कुठलं उत्पादन वापरता त्याचं नाव आणि घटकांची यादी मागा. देणारा लगेच देतो.

ड्रायक्लीनिंगची पाटी तर कमालच आहे. रसायनशास्त्रात कार्बन असलेली बहुतेक संयुगं 'ऑरगॅनिक'च म्हणवतात, त्यामुळे या धंद्यातलं जुनं 'पर्क', म्हणजे टेट्राक्लोरोएथिलीन, हेही ऑरगॅनिकच ठरतं! ते कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता मानली जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत संपवायचा नियम केला. तुम्ही पाटी वाचू नका, सरळ विचारा: "पर्क वापरता का? वेट क्लीनिंग करता का?" वेट क्लीनिंग म्हणजे पाणी आणि सौम्य साबण वापरून, यंत्राच्या नियंत्रित हालचालीने धुणं. 'फक्त ड्रायक्लीन' लिहिलेले बरेच कपडे त्यात निघतात.

धागाकर्ती (पंधरा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ ला सांगते, डबे फेकले नव्हते, माळ्यावर होते. खाली काढले. त्यात आता शिलाईचं सामान, खिळे-स्क्रू आणि उरलेली रिठ्याची टरफलं सुखाने राहतात.

टॉवेल दोन धुण्यांत माणसांत आले. पूर्वीसारखे पांढरेशुभ्र नाहीत, पण वास गेला. अहो आता तोंड पुसून पेपर वाचतात, माझ्याकडे बघत नाहीत.

पिशवीचं रिकामं पाकीट सापडलं. भिंग लावून वाचलं. पानाच्या चित्राखाली, देठाच्या आडोशाला बारीक अक्षरांत लिहिलंय की ही फक्त औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे. उरलेल्या पिशव्या सुक्या कचऱ्याला वापरून संपवतेय, नव्या आणणार नाही.

ड्रायक्लीनवाल्यांना पर्क विचारलं. काउंटरवरचा मुलगा आत गेला, बराच वेळ आला नाही, मग मालक बाहेर आले. वेट क्लीनिंगचं यंत्र खरंच आहे म्हणे, पण "सांगितलंत तरच त्यात टाकतो". आता सांगते.

एक शंका उरलीच. ब्रश आता पेल्यात उभे न करता आडवे वाळवते, त्यामुळे बुरशी थांबली. पण जुना ब्रश कंपोस्टमध्ये टाकायच्या आधी त्याचे केस उपटावे लागतात, कारण ते नायलॉनचे. पकडीने बसले तर एका ब्रशला वीस मिनिटं गेली आणि अर्धे केस तुटून आतच राहिले. यापेक्षा डोकं करवतीने कापून टाकलं आणि नुसती दांडी कंपोस्टात घातली तर चालेल ना? कुणी केलंय का?