पोस्टल मतपत्रिकेचं पाकीट "आधी वाड्यावर आणा" म्हणायलेत, काय करावं?

खडू_फळा:
खाजगी संस्थेवर शिक्षक आहे, गाव विचारू नका. अध्यक्षांचा भाचा उभा राहिलाय. आम्हा सात जणांची इलेक्शन ड्युटी शेजारच्या मतदारसंघात लागली, तर काल क्लार्क वही घेऊन स्टाफरूममधे फिरायला, कोणाकोणाचं पोस्टल आहे त्याची यादी. म्हणे पाकीट घरी आलं की चिकटवू नका, आधी अध्यक्षांच्या वाड्यावर आणा. माझा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर पडलाय.

निवृत्त_मास्तर:
सर, क्लार्क जुन्या जमान्यात आहे. आमच्या वेळी पाकीट खरंच घरी यायचं आणि मतमोजणीच्या सकाळी ८ पर्यंत पोचवायची मुदत, तेवढ्या दिवसांत ते कुणाकुणाच्या दिवाणखान्यात फिरून यायचं विचारू नका. म्हणूनच २०२३ मधे नियम बदलला. आता ड्युटीवाल्यानं ट्रेनिंगच्या जागी सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, आडोशाला भरायची, घोषणापत्रावर सही साक्षांकित करणारा अधिकारी तिथंच बसलेला असतो, छोटं पाकीट मोठ्यात घालून पेटीत टाकायचं आन् मोकळं व्हायचं. फक्त पोस्टल मतासाठीचा १२ नंबरचा फॉर्म वेळेत भरा.

खडू_फळा:
पण घोषणापत्रावर मतपत्रिकेचा नंबर असतो ना? कळलं तर?

निवृत्त_मास्तर:
मोजणीला आधी घोषणापत्र तपासून बाजूला ठेवतात, आतली छोटी पाकिटं नंतर उघडतात. आणि फोटो मागितला तर सांगा, मोबाईल आत नेऊ देत नाहीत. आडोशाला फोटो काढणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेत.

बालाघाटची_लेक:
घरी मतदान फक्त ८५ च्या वरचे (२०२४ आधी ८० होतं) आणि ४० टक्के दिव्यांग यांनाच. आमच्या आजीच्या वेळी चुलतभाऊ बाजेजवळून हलेचना, "तिला दिसत नाही" म्हणून. मत घ्यायला आलेल्या मॅडमनी आजीलाच विचारलं, ती म्हणाली मला समदं दिसतंय, ह्याला भाईर काढा 😄 पोलिसासकट सगळे ओसरीत.

मांजराकाठचा:
दबाव टाकणं गुन्हाच आहे, न्याय संहिता कलम १७४, एक वर्षापर्यंत कैद. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर नाव न देता तक्रार जाते, पण त्यात व्हिडिओ तिथल्या तिथं ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही. स्टाफरूममधे कोण मोबाईल धरणार. त्यापेक्षा मास्तरांचा नियमच पुढं करा, कुणाला नाही म्हणायची वेळच येत नाही.

खडू_फळा:
सांगितलं आज. क्लार्क दोन मिनिटं गप, मग म्हणाला, "मग वहीत काय लिहू?"