'नाइन ओल्ड मेन'च्या पलीकडे कोण?

निळी_पेन्सिल: जुन्या डिस्नेपटांवर काहीही वाचायला घ्या, 'नाइन ओल्ड मेन', म्हणजे डिस्नेचे ते नऊ नामांकित अ‍ॅनिमेटर, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते थोर आहेतच. पण १९३७च्या 'स्नो व्हाइट'मधली मोठी कामं करणारे सगळे काही त्या नऊ जणांत नव्हते ना? आणखी कुणाचं काम बघू? चरित्र नको, प्रसंग सांगा.

जुनी_रीळ: बिल टिटला. दुसरं नाव नंतर.

'स्नो व्हाइट'मधला ग्रम्पी, तो चिडका बुटका, बघा. ती त्याच्या टकलावर ओठ टेकवते आणि हा फणकाऱ्याने, पाय आपटत निघतो. मग चाल मंदावते. खांदे सैल पडतात, चेहरा पार विरघळतो. तिने पाहिलंय हे कळताच पुन्हा तोच ताठा! राग नाहीसा कसा होतो ते आधी पावलांत दिसतं, चेहऱ्यावर नंतर. बुटक्याला खरंच वजन आहे असं वाटतं ते त्यामुळेच.

१९४०च्या 'फॅन्टेशिया'त डोंगरावर पंख पसरणारा तो राक्षसही त्याचाच. संदर्भासाठी अभिनेता बेला लुगोसीच्या हालचाली चित्रित केल्या होत्या. टिटलाला त्या रुचल्या नाहीत, त्याने दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सनलाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. आणि पुढच्याच वर्षी याच हाताने डम्बो हे हत्तीचं पिल्लू काढलं, स्वतःच्या लहानग्या मुलाला न्याहाळून! राक्षसाचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते आंघोळीच्या वेळी आईच्या पायांतून पळणारं ते पिल्लू जास्त अवघड. तिथे लपायला ना अंधार, ना ज्वाळा.

सावली२६: डिस्नेच्याही आधी जा की. जर्मनीच्या लोटे रायनिगर, १९२६, 'प्रिन्स अहमद'. काळ्या कागदातून कापलेल्या, सांध्यांवर हलणाऱ्या आकृत्या, खालून उजेड. चेहरा दिसतच नाही, सगळा अभिनय मान आणि बोटांचा.

जुनी_रीळ: अगदी! आणि आर्ट बॅबिट राहिला. 'फॅन्टेशिया'तला मश्रूमचा नाच त्याचा. सगळ्यांत लहान मश्रूम सारखं मागे पडतं, तेवढंच बघत बसावं. डिस्नेतल्या १९४१च्या संपात हाच पुढे होता. टिटलाला पगार चांगला होता, तरी तोही संपकऱ्यांबरोबर बाहेर पडला. नंतर परतला, पण सूर लागला नाही. १९४३मध्ये त्याने डिस्ने सोडलं. नऊ जणांच्या गोष्टीत हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात.

निळी_पेन्सिल: ग्रम्पीपासून सुरुवात करते. एकेक फ्रेम थांबवून बघू का?

जुनी_रीळ: आधी आवाज बंद करून सलग बघा. थांबवाथांबवी नंतर.